मुलगी म्हणते, "माझा विश्वास आहे की नाही, मलाच नक्की माहीत नाही." घरची प्रार्थना, दृढीकरण आणि पुढचे होस्टेल: काय करावे?

अंगणातला_दिवा

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

मुलगी पंधरा वर्षांची, इंग्रजी माध्यमात दहावीला. मुलगा दहा वर्षांचा. आमची मंडळी (चर्च) सी.एन.आय.ची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, दोघांचेही बाप्तिस्मे तान्हेपणी झालेले. पुढच्या वर्षी मुलीचे नाव दृढीकरणाच्या (कन्फर्मेशन, म्हणजे मोठेपणी मंडळीसमोर स्वतः विश्वासाची कबुली देण्याच्या विधीच्या) वर्गात घालायचे आहे. ती म्हणते, "मला नक्की माहीत नसताना सगळ्यांसमोर हो कसं म्हणू?"

जाणकारांकडून नेमके हवे आहे ते असे. रात्रीची कौटुंबिक प्रार्थना सध्या पंचवीस मिनिटे चालते आणि दोघेही कंटाळतात. ती किती वेळ आणि कशी असावी? रविवारच्या उपासनेची सक्ती करावी का? दृढीकरण पुढे ढकलले तर चालते का? बारावीनंतर होस्टेल आहे, त्याची तयारी आतापासून काय करावी?

आणि एक, ज्याला प्रश्न म्हणावे की नाही कळत नाही. बोलत राहिले तर ती दुरावते, गप्प बसले तर जबाबदारी टाकून दिल्यासारखे वाटते. शमुवेलाच्या पुस्तकातला एली डोळ्यांपुढे येतो, ज्याने मुलांना आवरले नाही.

---

फळा_खडू (शब्बाथशाळा शिक्षिका)

ताई, आधी प्रार्थनेचे सांगते, कारण बाकीच्या बऱ्याच गाठी तिथेच बसलेल्या असतात.

पंचवीस मिनिटे फार झाली. दहा आणि पंधरा वर्षांची मुले एकत्र बसत असतील तर बारा मिनिटांच्या वर जाऊ नका. गीताची दोन कडवी, दोन मिनिटे. बायबलमधल्या दहा-बारा वचनांचा शास्त्रपाठ, तीन मिनिटे. त्यावर एकच प्रश्न, चार मिनिटे. उरलेली तीन मिनिटे प्रार्थना. जेवणानंतर बसू नका, पोट भरले की दहा वर्षांचे मूल पेंगते आणि दहावीच्या मुलीला अभ्यास खुणावत असतो. ताटे मांडायच्या आधी बसा. भूक लागलेली असते म्हणून मोठी माणसेही आटोपते घेतात, हा त्यातला फायदा. सातही दिवस ओढत नेण्यापेक्षा आठवड्याचे पाच दिवस ठरवा आणि ते मोडू नका.

सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा. सोळाच अध्याय आहेत. या गतीने साधारण तीन महिन्यांत पुरे होते, आणि "आपण एक पुस्तक संपवलं" हे मुलांना कळते. तुकडे मात्र वचने मोजून पाडू नका. पाचव्या अध्यायात याइराची मुलगी आणि रक्तस्रावाने पीडलेली बाई या दोन गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या आहेत, २१ ते ४३. त्या एकाच दिवशी वाचा, मधे तोडलात तर पोरगी मरायला टेकलेली असताना येशू वाटेत थांबतो यातली धडधडच जाते.

वाचून झाल्यावर "यातून आपण काय शिकलो?" हा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर मुलांना वाचनाआधीच ठाऊक असते: खरे बोलावे, आज्ञा पाळावी. त्याऐवजी "यात कोणाचं वागणं तुला पटलं नाही?" किंवा "याइराला त्या क्षणी काय वाटलं असेल?" असे विचारा. मुलगी म्हणाली, "येशूनं उगाच वेळ घालवला," तर लगेच दुरुस्त करू नका. ते वाक्य दोन दिवस घरात राहू द्या.

सर्वांत जास्त बिघडते ते इथे: आईवडील प्रार्थनेतून मुलांना रागे भरतात. "हे प्रभू, हिला मोबाईलच्या नादातून सोडव, हिला मोठ्यांचा मान ठेवायला शिकव." डोळे मिटलेले असले तरी कान उघडे असतात. वर्षभर हे ऐकलेल्या मुलीला एवढेच कळते की देव आईबाबांच्या बाजूचा आहे, आणि तिच्यावर नजर ठेवायला बसला आहे. म्हणून घरात नियम करा: सर्वांसमोर मुलांसाठी तेच मागायचे जे त्यांनी स्वतः सांगितले असेल. गणिताचा पेपर, रुसलेली मैत्रीण, दुखणारा गुडघा. बाकीचे जे काय असेल ते तुम्ही दार लावून मागा.

आता भाषेचे. हे घरोघरी राहून जाते. इंग्रजी माध्यमातले मूल "तारण" हा शब्द ऐकते तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सोने तारण कर्जाची पाटी येते. "करार" म्हणजे भाडेकरार. "शास्त्र" म्हणजे शाळेतला विज्ञानाचा विषय. "साक्ष" कोर्टात देतात. आपण मोठी माणसे या शब्दांत न्हालेलो असतो, म्हणून मुलाला काही कळलेले नाही हे आपल्याला कळत नाही. आठवड्याला एक शब्द घ्या आणि घरच्या मराठीतून फोडा. "तारण"साठी "देव तारी त्याला कोण मारी" ही म्हण पुरते: तारणे म्हणजे बुडणाऱ्याला काठाला लावणे. प्रभूच्या प्रार्थनेत "ऋण" येते, तिथे विचारा की घरात कोणाचे कोणाला काय देणे राहिले आहे. वाचताना आईने मराठीतून वाचावे, मुलीने तोच भाग इंग्रजीतून, आणि शेवटची दोन वचने तिने मराठीतून. अडखळली तर मधे टोकू नका. उच्चारावरून चारदा टोकलेले मूल पाचव्यांदा वाचत नाही, आणि आपण समजतो की विश्वास उडाला.

---

वेदीजवळचा (दृढीकरण वर्ग घेतो)

तुमच्या मुलीचे वाक्य मला धोक्याचे वाटत नाही. दृढीकरणाच्या विधीत बिशप प्रश्न विचारतात आणि उमेदवाराने मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायचे असते. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी तिच्या वतीने जे वचन दिले ते आता ती स्वतःवर घेते. त्या उत्तराचे वजन तिला कळले आहे. वर्गात खरी अडचण असते ती काहीच न विचारता पाठ केलेली उत्तरे म्हणून नवे कपडे शिवायला टाकणाऱ्यांची.

वर्ग आणि विधी या दोन गोष्टी वेगळ्या करा. तिला आजच सांगा: "वर्गाला जायचं. विधीला उभं राहायचं की नाही, ते वर्ग संपल्यावर तू सांगायचंस. नाही म्हणालीस तर घरात कोणी बोलणार नाही." आणि हे शेवटचे वाक्य पाळता येणार असेल तरच उच्चारा. एका वर्षाने काही बिघडत नाही, पुढच्या वर्षीही बिशप येतात. "घरात बालबाप्तिस्मा झाला, मग मागे कसं राहायचं?" असे कोणी म्हणाले तर त्याला आपल्याच मंडळीचा इतिहास सांगा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सी.एन.आय. स्थापन झाली, तेव्हा एकत्र आलेल्या सहा परंपरांत अँग्लिकन होते तसे बाप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. म्हणजे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे आणि स्वतःच्या तोंडाने कबुली दिल्याशिवाय बाप्तिस्मा न देणारे, दोघेही एका छपराखाली आले. स्वतःच्या कबुलीसाठी थांबणे आपल्या मंडळीला परके नाही.

सक्तीबद्दल मी एक रेघ ओढतो. हजेरी मागता येते, कबुली मागता येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला "रविवारी सकाळी आपण सगळे उपासनेला जातो" असे सांगणे रास्त आहे, जसे आजीला भेटायला सगळे जातात. पण गाणे म्हटलेच पाहिजे, प्रभुभोजन घेतलेच पाहिजे, प्रार्थना मोठ्याने केलीच पाहिजे, हे मागू नका. तोंडाने वदवून घेतलेला विश्वास मुले होस्टेलच्या पहिल्या महिन्यात खाली ठेवतात, आणि त्यासोबत आपल्याशी खरे बोलणेही.

दृढीकरण झाल्यावर मुले उपासनेतून दिसेनाशी होतात हे बहुतेक मंडळ्यांचे दुखणे आहे. कारण साधे आहे. विधी पदवीदानासारखा होतो: प्रमाणपत्र, फोटो, जेवण, आणि सोमवारपासून तिच्यासाठी काहीच काम नाही. म्हणून काम विधीच्या आधी द्या, ती तयार असो वा नसो. महिन्यातून एकदा शास्त्रपाठ वाचणे, प्रोजेक्टरवर गीते लावणे, हार्मोनियम किंवा तबला, नाताळच्या नाटकात लहान मुलांना सांभाळणे. जिथे ती गेली नाही तर कोणाचे तरी अडेल असे काम. पाहुण्यांना पाणी देणे हे काम नव्हे.

आणखी एक माणूस शोधा. घराबाहेरचा, आईबापाच्या वयाचा किंवा थोडा लहान, ज्याच्याशी मुलगी बोलू शकेल. मुलीसाठी बाईच बघा. ती मंडळीतली मावशी असेल, डॉक्टर असेल, शाळेतली शिक्षिका असेल. तिला हेरगिरी करायला लावू नका. "काय म्हणाली गं?" असे एकदा जरी विचारलेत तरी ते दार बंद झाले. भेटी उघड्यावर, चारचौघांच्या नजरेत व्हाव्यात, बंद खोलीत नाही. हे मंडळीतल्या सर्वांनाच लागू आहे, पाळकांनाही.

एलीचे थोडे. पहिल्या शमुवेलातला दुसरा अध्याय पुन्हा वाचा. एलीची मुले शंका विचारणारी शाळकरी पोरे नव्हती. ती वेदीची सेवा करणारी मोठी माणसे होती, लोकांच्या यज्ञातले मांस दांडगाईने उचलत होती, आणि मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करत होती. एली त्यांचा बाप होता, तसाच त्यांच्यावरचा मुख्य याजकही होता. त्यांना सेवेतून काढणे त्याच्या हातात होते. त्याने तोंडी समज दिली आणि जागेवर ठेवले. दोष ठेवला आहे तो त्याला. तुमच्या मुलीच्या प्रामाणिक वाक्याचा त्या अध्यायाशी काही संबंध नाही, ताई. हे ओझे खाली ठेवा.

---

वसईचा_वारा

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे गणित थोडे वेगळे. रविवारची मिस्सा (आमची उपासना) हे मोठ्यांवरही बंधन आहे, म्हणून मुलांना "तुझ्यावरच सक्ती" असे वाटायचे कारण कमी. तरी अडते तिथेच. जपमाळेच्या प्रार्थनेत नमो मरिया त्रेपन्न वेळा येते; गुडघ्यांवर बसलेले दहा वर्षांचे मूल विसाव्याला आढ्याकडे बघू लागते. लहानांसाठी एकच दशक घ्या, चार-पाच मिनिटांचे, आणि दहापैकी प्रत्येक मण्यापूर्वी एका माणसाचे नाव. दहा मणी, दहा माणसे. मुले शेजाऱ्याच्या कुत्र्याचेही नाव घेतात, घेऊ द्या. पूर्ण माळ ऑक्टोबर महिन्यात, वाडीतले सगळे एकत्र असताना म्हणा, तेव्हा ती जड होत नाही.

आमच्या धर्मविधीच्या नियमात दृढीकरणाला मुलाच्या पाठीशी उभा राहणारा धर्मपालक (स्पॉन्सर) हा सख्खा आई किंवा बाप चालत नाही आणि तो साधारण सोळा वर्षांच्या वरचा हवा. नियम करणाऱ्यांनी विचार करूनच केला असावा. वेदीजवळच्या दादांनी घराबाहेरच्या माणसाचे सांगितले ते हेच. पण होते काय, हा माणूस पाकीट कोण जाड देईल हे बघून निवडला जातो. निवड मुलीलाच करू द्या.

काळजीचे विचारलेत म्हणून संत मोनिकेचे सांगतो. तिला रडणारी आई म्हणून सगळे ओळखतात, तिने वाटेत काय काय करून पाहिले ते कोणी सांगत नाही. मुलगा ऑगस्टीन, जन्म इ.स. ३५४, उत्तर आफ्रिकेत. तरुणपणी तो मानी नावाच्या गुरूच्या पंथात गेला आणि सुमारे नऊ वर्षे त्यात राहिला. मोनिका आधी त्याला घरात राहू देईना, पंगतीला घेईना. मग तिला एक स्वप्न पडले आणि तिने दार उघडले, पुन्हा एका ताटात जेवू लागली. मत त्याचे बदलले नव्हते, तरीही. नंतर ती एका बिशपांकडे गेली: "तुम्ही त्याच्याशी वाद घाला, त्याची चूक दाखवा." ते बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेले, आणि तरी त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, तो अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला असू दे, तू प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचे त्यालाच उमगेल.

पुढे ३८३ च्या सुमाराला ऑगस्टीन आफ्रिकेतल्या कार्थेजहून रोमला निघाला. तिने रात्रभर प्रार्थना केली की तो जाऊ नये. तो तिला खोटे सांगून रातोरात जहाजाने गेला. आणि त्याच इटलीत, मिलानला, त्याला बिशप अँब्रोज भेटले. ३८७ च्या पुनरुत्थान सणाला (ईस्टरला) त्यांच्याच हातून बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी मोनिका वारली. म्हणजे त्या रात्री तिने जे शब्दशः मागितले ते मिळाले असते, तर तो कार्थेजलाच राहिला असता. ऑगस्टीनने स्वतःच हे पुढे लिहून ठेवले आहे.

मी आईबापांना म्हणतो, मुलांसाठी मागताना मार्ग आखून देऊ नका. "हिला त्या कॉलेजात प्रवेश मिळू नये" असे मागू नका. "जिथे जाईल तिथे तिला खरे बोलणारा एक माणूस भेटू दे" असे मागा.

---

पान_उलटून

वेदीजवळच्या दादांच्या "हजेरी मागता येते" याला माझा अर्धा विरोध. दहावीपर्यंत ठीक. पण अकरावी-बारावीच्या मुलाला ओढून नेलेत आणि तिथे दारातच चार काकवांनी "काय रे, आजकाल दिसत नाहीस? देवाला विसरलास वाटतं" असे म्हटले, तर त्या रविवारी नेऊन नुकसानच झाले. त्या काकवांशी आधी बोला. आणि सोळाव्या वर्षानंतर महिन्यातला एक रविवार तिच्या मर्जीवर सोडा. न आली तर परतल्यावर तोंड वाकडे करायचे नाही, प्रवचनाचा सारांश ऐकवायचा नाही. जी सुटी वापरली तर शिक्षा होते ती सुटी नव्हे.

दुसरे, "विश्वास आहे की नाही" या एका वाक्यात निदान चार वेगळी दुखणी असू शकतात, आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. उत्क्रांती, यहोशवाच्या पुस्तकातल्या लढाया, "बाकीच्या धर्मांतले चांगले लोक कुठे जातील", हा माहितीचा प्रश्न. इथे सरळ बोला, आणि उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, आपण दोघी वाचू" म्हणा आणि आठवड्याच्या आत खरोखर वाचायला बसा. बसला नाहीत तर पुढचा प्रश्न येत नाही. दुसरे दुखणे जखमेचे: आजोबांसाठी प्रार्थना केली आणि ते गेले, मंडळीतली भांडणे, निवडणुकीतले गट, कोर्टकचेऱ्या तिने पाहिल्या. इथे पुरावे देऊ नका, ऐका. मंडळीत चुकीचे झाले असेल तर चुकीचे झाले म्हणा. तिसरे, तिने काही केले आहे आणि त्याची लाज वाटते, म्हणून देव नसलेला बरा. हे कधीच पहिल्या वाक्यात बाहेर येत नाही.

चौथे आपल्याकडे फार आहे: वेगळेपणाचे. वर्गातली मुले विचारतात, "तुम्ही कधी कन्व्हर्ट झालात? किती पैसे मिळाले?" घरी आपण म्हणतो, दुर्लक्ष कर. पण तिच्याजवळ उत्तर नसते. तिला आपला इतिहास द्या. वसईतली ख्रिस्ती घरे पोर्तुगीज काळापासूनची आहेत. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण मराठीत छापले गेले १६१६ मध्ये. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आले १८१३ मध्ये, नगरला १८३१ मध्ये. आणि कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षे नवरा ख्रिस्ती आणि बायको नाही. ती आली ती स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला. पैशाच्या टोमण्याला याहून सरळ उत्तर नाही, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या स्वतःच्या प्रश्नाचेही थोडे उत्तर त्यात सापडेल.

गणपतीच्या दिवसांत मैत्रिणीकडे जाणे, आरतीला उभे राहणे, प्रसाद घेणे याबद्दल घरचा निर्णय भाद्रपदाच्या आधी बसून सांगा, कारणासकट. पहिल्या करिंथकरांस पत्राचा आठवा अध्याय, मूर्तींना वाहिलेल्या अन्नाबद्दलचा, तिच्यासोबत वाचा. ऐन दारात "नको जाऊस" म्हणणे सर्वांत वाईट, त्यात तिची मैत्रीणही दुखावते.

एक सावधगिरी. मूल प्रार्थनेला येत नाही, आणि सोबत जेवण तुटले आहे, झोप बिघडली आहे, आवडीच्या गोष्टी सोडल्या आहेत, असे दोन आठवडे चालले असेल तर हा विश्वासाचा प्रश्न समजून उपास धरत बसू नका. डॉक्टरांकडे न्या. प्रार्थना औषधाच्या जोडीने करा.

---

वसतिगृह_सोबत (विद्यार्थ्यांमध्ये सेवा)

होस्टेलचे थोडक्यात.

प्रवेश पक्का झाल्यावर आणि मूल राहायला जायच्या आधी तिथल्या दोन मंडळ्या बघून ठेवा: होस्टेलपासून किती अंतर, उपासनेची वेळ, भाषा, बस मिळते का. मेसचा रविवारचा नाश्ता किती वाजता बंद होतो हेही विचारा. हसू नका, साडेआठची उपासना आणि नऊचा नाश्ता यात नाश्ताच जिंकतो. पहिले तीन रविवार महत्त्वाचे. त्यात जिथे पाऊल पडले तिथे पुढे पडते, नाही पडले तर रविवार कपडे धुण्याचा वार होतो. शक्य असेल तर पहिल्या रविवारी आईबापांनी तिथेच राहून सोबत जावे आणि पाळकांशी ओळख करून द्यावी, मुलीचा नंबर मात्र तिला विचारल्याशिवाय देऊ नये.

सामानात एक छोटा नवा करार द्या. भक्तिपर पुस्तकांचा गठ्ठा नको, तो पेटीच्या तळाशी जातो. रोज सकाळी वचनाचे चित्र फॉरवर्ड करणे बंद करा. आठवडाभरात मूल तुम्हाला म्यूट करते, मग खरा निरोपही पोचत नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकदा स्वतःच्या आवाजातला एक मिनिटाचा निरोप पाठवा, घरातल्या बातमीसह.

रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न "चर्चला गेलीस का?" असा नसावा. खोटे बोलण्याची सुरुवात इथून होते. गेलेली नसते, आईला वाईट वाटेल म्हणून "हो" म्हणते, आणि पुढच्या वेळी ते खोटे सांभाळण्यासाठी फोन टाळते. आधी जेवण, झोप, पैसे. मग बुधवारी कधीतरी: "या आठवड्यात तुझ्यासाठी काय मागू?" आणि पुढच्या बुधवारी त्या गोष्टीचे काय झाले ते आठवणीने विचारा.

कॉलेजांत विद्यार्थ्यांचे प्रार्थनागट असतात; यूईएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) ही संघटना १९५४ पासून हे काम करते आहे. पण गट कोणताही असो, मुलीला चार खुणा सांगून ठेवा: "घरी सांगू नकोस" म्हणणारा, पैसे मागणारा, औषधे बंद करायला लावणारा, आणि एकाच पुढाऱ्याचे शब्द शास्त्राच्या वर ठेवणारा. यातली एक जरी दिसली तरी उठून यायचे, आणि उठून आल्यावर घरी "आम्ही सांगितलं होतं ना" ऐकावे लागणार नाही, हेही तिला आधीच सांगा.

---

अंगणातला_दिवा

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा मिनिटांचे आजपासूनच सुरू करते. दोन गोष्टी राहिल्या. मुलीचे बाबा म्हणतात, नाव घालून विधीला उभी राहिली नाही तर मंडळीत नाचक्की होईल. पाळकांना काय सांगायचे? आणि धाकटा विचारतो, "ताई म्हणते तिला माहीत नाही, मग मी पण बसलो नाही तर चालेल का?"

---

वेदीजवळचा

पाळकांकडे वर्ग सुरू व्हायच्या आधी जा, शेवटच्या आठवड्यात नको. तोपर्यंत बिशपांच्या कार्यालयात नावे गेलेली असतात आणि मग सर्वांचीच अडचण होते. दोघांनी मिळून जा, मुलीच्या संमतीने. एवढेच म्हणा: "ती वर्ग पूर्ण करील. विधीचा निर्णय ती स्वतः तुम्हाला येऊन सांगेल. नावे जाहीर करण्यापूर्वी तिला एकटीला विचारा, आमच्यासमोर नको." बहुतेक पाळकांना हे ऐकून बरेच वाटते.

बाबांना लूकचा पंधरावा अध्याय, उधळ्या पुत्राची गोष्ट, वाचायला द्या, पण घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलासाठी नव्हे. थोरला बघायला सांगा. तो घरातच होता, रोज शेतावर जात होता, एकही आज्ञा मोडली नव्हती, आणि बापाच्या मनातले त्याला काही ठाऊक नव्हते. बाप जसा एकासाठी धावत गेला तसाच दुसऱ्याची समजूत घालायला पंगत सोडून अंगणात आला. निमूट येऊन बसणाऱ्या मुलाचीही विचारपूस लागते.

---

फळा_खडू

धाकट्याला म्हणावे, "ताई बसते. तिला माहीत नसलं तरी ती बसते आणि विचारते. तूही बस आणि विचार." आणि गीत निवडायचे काम त्याला द्या. आठवडाभर तेच तेच एक गीत निवडेल, टाळ्या वाजवायचे असलेले. म्हणा सगळ्यांनी.